वर कोण?

नाही, अठरा नव्हे! दोन हजार सतरा, डिसेंबरचा दुसरा आठवडा, थंडी नुकती चावायला लागली होती, आणि त्यात मी चुकणार नाही, कारण त्या हिवाळ्यात या नाटकवाल्यांनी मला काळ केलं होतं. हसू नका. काळ! तो जातो, येतो, कुणासाठी थांबत नाही, तो काळ. तो म्हणे सगळ्यांच्या डोक्यावर वर बसलेला असतो, आणि बसायचं म्हटल्यावर बसणार कोण? मी! नाटक यांचं, नाच यांचा, टाळ्या यांना, आणि छताला टांगलेला म्हातारा कोण, तर मी. बरं, टांगा. माझा जन्म सर्कशीतल्या झोक्यावर गेला, टांगण्याची माझी तक्रार नाही. तक्रार एवढीच की खालून निघताना एकदा मान वर करा. अरे, वर माणूस आहे... विचारायला नको?

तुम्हाला सांगतो, आमच्या तंबूत एक रीत होती. खेळ संपो, सराव संपो, वीज जावो, मालकाला ठसका लागो, खालच्या माणसानं दोराला हात घालायचा, वर बघायचं आणि ओरडायचं, "वर कोण?" वर जो असेल त्यानं म्हणायचं, "मी आहे! दोर धर!" मग खालचा दोर ताणून धरणार, वरचा उतरणार, आणि खालचा पुन्हा विचारणार, "वर कोण?" उत्तर आलं नाही? मग घालवा दिवे, मग जा जेवायला. वरून उत्तर येत असताना दोर सोडून गेला असा माणूस आमच्यात कुणी पाहिला नाही. आणि वरच्यानं आपण होऊन हाका मारायच्या नाहीत. विचारलं की उत्तर द्यायचं. वर बसून बोंबलतो तो झोकेवाला नव्हे, तो कावळा.

हे विचारायचं काम ज्याच्याकडे होतं त्याला आम्ही खालचाच म्हणायचो. त्याच्या लग्नातही "खालच्याची वरात आली" म्हणूनच माणसं धावली होती. तर एकदा भर दुपारी, सराव चालू असताना वादळ आलं, तंबूचं कापड टरकन फाटलं, खांब डुगडुगायला लागले, धुळीत स्वतःचा हात दिसेना. सगळे पळाले. पळणारच! मीही पळालो असतो, पण मी वर, फळीवर, आणि दोर कुठल्या बाजूला आहे तेच कळेना. आणि त्या धुळीतून खालून आवाज आला, "वर कोण?" मी म्हटलं, "मी आहे!" पुन्हा, "वर कोण?" "मी आहे!" पुन्हा, "वर कोण?" अरे, सांगितलं ना एकदा, बहिरा झालास का? मग टाळक्यात प्रकाश पडला... तो मला आवाजानं दोर दाखवत होता. त्या आवाजाकडे हात घातला, दोर लागला, सरसर उतरलो, माझे पाय जमिनीला टेकले आणि बाजूचा खांब आला तो त्याच्या खांद्यावर. तो हात पुन्हा कधी डोक्याच्या वर गेला नाही. सदरा घालताना आधी तो दुखरा हात, मग दुसरा, मरेपर्यंत.

मी त्याला म्हटलं, तुझे हे उपकार मी कसे फेडू? तो म्हणाला, "माझे कसले फेडतोस? मी काय वर जाणार आहे होय? कधी खाली उभा राहशील, तेव्हा फेड." मी म्हटलं, "मी? खाली?" तो नुसता हसला. आणि माझंही बरोबर होतं, माझी जागा वरची! पुढे खालचा गेला, मग तंबू गेला, आणि ते ऋण तेवढं राहिलं. वर बसणाऱ्यानं ते फेडायचं तरी कसं?

तर अशा मला या नाटकाच्या बाईंनी शोधून काढलं. दिग्दर्शक बाई. बाई हुशार, कामाला वाघीण, बोलणं असं की मुंगीलाही अहोजाहो. म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही काही करायचं नाही. काळ काही करत नाही. काळ फक्त... असतो." मी म्हटलं, मग मला कशाला बोलावलंत, एखादं गाठोडं टांगा. तर म्हणाल्या, "नाही हो, गाठोड्याला श्वास नसतो!" झालं. श्वास आहे म्हणून मला काम. नाच बसवणारा एक होता, अंगात हाड नसलेला, तो खालून हात हलवत सांगायचा, "आजोबा, हवेशी बोला... हवेला उत्तर द्या..." अहो, झोक्यावर बसून हवेशी गप्पा मारणारा माणूस दुसऱ्या दिवशी कामाला येत नसतो! पण बसलो. दोन तास बसायचं, खाली ही मंडळी लोळणार, धावणार, एकमेकांना उचलून आपटणार, आणि मी वरून त्यांची टकलं मोजणार. एकदा शिंक आली. खालून बाई, "काळ शिंकत नाही, आजोबा!" मी म्हटलं, बाई, तुमच्या छतावर धूळ आहे, ती काळ-वेळ बघत नाही.

आणि शेवट! शेवटी सगळ्यांनी हातात हात घालून पुढे यायचं, वाकायचं. मी म्हटलं, मला उतरवा, मीही वाकतो, माझी कंबर अजून यांच्यापेक्षा बरी आहे. बाईंनी मान डोलावली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "काळ उतरत नाही, आजोबा."

जेवायलाही नाही?

विनोद नाही करत. पहिल्याच तालमीत तेच झालं. यांनी वाकून घेतलं, कुणीतरी म्हणालं "जेवण!" आणि गेले की हो सगळे! इथे आता दोर धरणारा माणूस नाही, यंत्र आहे. कळ दाबली की झोका वर, कळ दाबली की खाली. ती कळ दाबणारा यंत्रवाला, त्याच्या कानात एक डबी, त्या डबीत कुणीतरी बोलणार तेव्हा याचा अंगठा हलणार. दिवे गेले. खाली रिकाम्या खुर्च्या, पलीकडच्या खोलीतून डबे उघडल्याचा वास, हसणं, कुणाची तरी नक्कल चाललेली... आणि मी वर. काळ. हाक मारली का म्हणता? नाही मारली. कावळा का मी? जेवून, ढेकर देऊन यंत्रवाला आला, वर बघून म्हणतो, "अरेच्चा! काका, तुम्ही वरच? माझ्या कानात कुणी सांगितलंच नाही!" म्हटलं, तुला देवानं डोळे दिलेत ना? म्हणतो, "काका, मी डोळ्यांनी काम करत नाही." आता याच्याशी काय बोलणार? आणि असं एकदा नाही, दर दोन-चार दिवसांनी. रोज रोज नव्हे हो, म्हणूनच जास्त लागायचं. आज विचारतील, आज विचारतील... विचारायला नको?

घरी तरी कोण विचारतंय म्हणा. पोरगा लांबच्या गावी, त्याचा फोन येतो. "बाबा, बरे आहात ना, बरं, ठेवतो," एका दमात. मी "हो" म्हणेपर्यंत तिकडे शुकशुकाट. बायको होती तोवर संध्याकाळी दार वाजवलं की ती आतून विचारायची, "कोण?" अख्ख्या संसारात त्या वेळेला दार वाजवणारा मी एकटा, तरी रोज, "कोण?" मी चिडायचो. म्हणायचो, चोर! ती म्हणायची, "मग या, चहा घेऊन जा." आता मीच कुलूप काढतो, मीच आत जातो. कुलूप काही विचारत नाही.

जाऊ दे. काय सांगत होतो? हां, पहिला प्रयोग. रविवारची दुपार, नाट्यगृह भरलेलं, पायऱ्यांवर माणसं. आता त्या नाटकातल्या नायकाचं ऐका. त्याचं घर जळतं, बायको जाते, आणि तो मधोमध गुडघ्यावर बसून वर बघून काहीतरी विचारतो. काहीतरी म्हणजे काय, ते मला माहीत नव्हतं, कारण तालमीत हा गडी आवाज जपायचा! तोंडात गूळ धरल्यासारखा बोलायचा, वर माझ्यापर्यंत नुसती गुणगुण यायची. पण त्या दिवशी, तुम्हाला सांगतो, त्यानं छाती फोडली. सगळं नाट्यगृह चिडीचूप, एक बाई मुसमुसतेय, आणि हा दोन्ही हात वर करून थेट माझ्याकडे बघत ओरडला...

"वर कोण आहे का?"

आता सांगा. मी काय करायला हवं होतं? जन्मभराची सवय, त्यात इतके दिवस कुत्रं विचारत नव्हतं, आणि आज भरल्या सभेत एक माणूस हात वर करून विचारतोय! छातीतून निघून गेलं हो...

"मी आहे! दोर धर!"

आणि मग जे हसू फुटलं! मुसमुसणारी बाई सगळ्यात जास्त. नायक तसाच, हात वर, तोंड उघडं. खरं सांगू? त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. कुणीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, रीतीप्रमाणे झालं. पुढचं मागाहून कळलं.

पडदा पडल्यावर बाई आल्या त्या तणतणत, "आजोबा! अहो, तो देवाला विचारत होता!" मी म्हटलं, "मग देवानं द्यायचं होतं उत्तर! मी काय त्याचं तोंड धरलं होतं?" नायक कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेला, कुणी पाणी देतंय, कुणी पाठ चोळतंय. माझी पाठ? असो. दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा गोड झाल्या, आणि त्या गोड झाल्या की समजावं, आपलं कापलं. "आजोबा, वय झालं, उंची बरी नव्हे... उद्यापासून लांबडी काळ होईल. तुम्ही तिला बसायला शिकवा आणि खालून लक्ष ठेवा."

खालून.

लांबडी म्हणजे त्यांच्यातलीच एक नाचणारी, पाय असे की बसली तर तिचे गुडघे आधी बसायचे, मग ती. पोरगी चांगली होती. झोक्यावर तोल कसा सांभाळायचा, मांडीला मुंग्या आल्या तर अंगठे कसे हलवायचे, सगळं शिकवलं. म्हटलं, "आणि वरून हाका मारायच्या नाहीत. विचारलं तरच बोलायचं." ती म्हणाली, "आणि नाहीच विचारलं तर?" मी म्हटलं, "विचारतात." आता काय सांगणार होतो तिला?

दुसऱ्या प्रयोगाच्या आधीची तालीम, दुपारची. लांबडी वर, मी विंगेत स्टुलावर, मांडीवर पिशवी. मनाशी ठरवलेलं, आज संपलं की जायचं, कुणाला सांगायचं नाही, सांगायला विचारतंय कोण? नायकानं पुन्हा गुणगुण केली, वाकणं झालं, कुणीतरी म्हणालं "जेवण!" आणि गेले. मीही उठलो. कोट हातात, पिशवी खांद्याला, दारापर्यंत गेलो. मागे खटकन दिवे गेले. दाराच्या कडीवर हात... आणि कडी काही निघेना. म्हणजे कडी ठीक होती, हातच चालेना. मनात म्हटलं, यांचं नाटक, यांचा काळ, यांचं यंत्र, तुला काय करायचंय? माझी जागा खालची नाही! खूप बोललो स्वतःला. मग पिशवी ठेवली, कोट ठेवला, अंधारात चाचपडत रंगमंचाच्या मधोमध गेलो. दोर धरायला हात पुढे केला, तर दोर कुठाय? तसेच रिकामे हात वर धरले, वेड्यासारखे, आणि विचारलं,

"वर कोण?"

काही नाही. म्हटलं, उतरली असेल. रीत म्हणून पुन्हा, "वर कोण?"

"...मी. मी आहे, आजोबा."

आवाज ओला. म्हटलं, "अगं, मग मघाशी का नाही बोललीस?" म्हणते, "तेव्हा रडू आवरत होते. काळ रडत नाही ना!" म्हटलं, "रड तू. बाई जेवतायत." तर हसली, आणि हसता हसता झोका हलला, आणि किंचाळली. "आजोबा, तुम्ही जाऊ नका!" मी म्हटलं, वरचा उतरल्याशिवाय खालचा जात नसतो. थोड्या वेळानं तीच म्हणते, "पण आजोबा, तुम्ही गेल्याशिवाय यंत्रवाल्याला बोलावणार कोण?" बरोबर होतं तिचं. पण मी हललो नाही. म्हटलं, दोर सोडून जात नसतात. "पण दोर आहेच कुठे?" नसेना का!

मग तिथेच. मी विचारायचं, "वर कोण?" तिनं म्हणायचं, "मी आहे!" पुन्हा मी, पुन्हा ती. हळूहळू तिचा आवाज सुका झाला. पुढे पुढे तर चिडायला लागली, "सांगितलं ना, आजोबा, मी आहे!" तेव्हा मला बरं वाटलं.

शेवटी यंत्रवाला आला दात कोरत. "अरेच्चा! काका, माझ्या कानात कुणी..." म्हटलं, "इकडे आण तो कान!" आणला त्यानं. त्यात सांगितलं. पलीकडच्या खोलीतली सगळी धावत आली, इतक्या मोठ्यानं सांगितलं. कळ दाबली गेली, लांबडीचे पाय आले, गुडघे आले, मग लांबडी आली, जमिनीला लागली.

माझे हात खाली येताना एक खांदा अडकला तो अडकलाच. कोट घालताना आधी तो हात घालावा लागला, मग दुसरा. डबे सगळ्यांचे संपले होते. मी पुन्हा मान वर केली.

"वर कोण?"

उत्तर आलं नाही. फिटलं.