कडेचा खांब

सासू : एवढी घट्ट नका धरू क्रोशाची सुई, विहीणबाई. दात उपटायचाय का कुणाचा?

आई : सवय हो. दवाखान्यात दिवसभर तेच करते ना. बरं, साखळी जमली म्हणालात. आता पुढचं.

सासू : आता खांब. म्हणजे उंच टाका. आधी सुईवर दोऱ्याचा एक वेढा घ्या. तशीच सुई साखळीच्या घरात घाला, दोरा ओढून वर आणा. किती वेढे झाले सुईवर?

आई : तीन.

सासू : दोरा घ्या, दोनांतून काढा. पुन्हा दोरा घ्या, उरलेल्या दोनांतून काढा. झाला खांब. आता शेजारी दुसरा घाला.

आई : हा बुटका झाला.

सासू : पहिला वेढा घ्यायला विसरलात. उसवा. टेम्पो यायला अवकाश आहे अजून.

आई : एवढा संसार केला पोरीने, आणि सामान निघालं दोन बॅगा नि एक खोका.

सासू : भांडीही बांधून ठेवली होती मी. तिने फोनवर नको म्हटलं.

आई : हे पांघरूणही नको म्हणाली. अर्धवट आहे, टाकून दे म्हणाली. मला टाकवेना. म्हटलं, तुम्हीच तिला शिकवलंत, मलाही शिकवा. मी पुरं करते.

सासू : आमचा तो सकाळीच चपला घालून बाहेर पडला. तुम्ही येणार म्हटल्यावर तोंड दाखवायची लाज वाटली असेल.

आई : मला नव्हतं भांडायचं त्याच्याशी. नाही पटलं दोघांचं. घटस्फोटाच्या सह्याही झाल्या. आता बोलून काय उपयोग? हे काय हो, ही कड सरळ का नाही? इथून आत आत येत गेलीय.

सासू : ओळीचा शेवटचा खांब सोडत गेली ती. खालचं बघा, कसं एकसारखं आहे. हे वरचं शेवटच्या दिवसांतलं. संध्याकाळी इथेच खिडकीशी बसायची. हात चालायचे, लक्ष नसायचं.

आई : तुमच्या ध्यानात आलं होतं?

सासू : लगेच. पण सुनेच्या कामात खोड काढली तर म्हणेल, आल्या सासूपणा करायला. म्हणून गप्प बसले. काय गं, काय होतंय, एवढंच विचारायचं होतं. ओठांवर आलेलं गिळलं.

आई : मला रोज फोन करायची. मजेत आहे म्हणायची. इकडे खुर्चीत पेशंट तोंड वासून बसलेला. मजेत आहे म्हटलं की मला हायसंच वाटायचं.

सासू : तुम्ही लांब होतात. मी याच खोलीत होते, विहीणबाई.

आई : अजून विहीणबाईच म्हणताय.

सासू : दुसरं काय म्हणू? नावाने हाक मारण्याइतकी जवळीक कधी झालीच नाही.

आई : खरंय. तुम्ही आलात की मी ठेवणीतले कप काढायचे, मी आले की तुम्ही. दोघी अशा पाय वर घेऊन कधी बसलो नाही.

सासू : बसलो ते आज. सामान बांधून झाल्यावर.

आई : हा बघा बरं. जमला?

सासू : जमला. छान उभा राहिला. ओळ संपली की वळायचं नि तीन साखळ्या घालायच्या, तोच पहिला खांब धरायचा. कडेचा मात्र सोडायचा नाही.

आई : आणि हे वाकडं झालेलं? उसवू?

सासू : उसवलंत तर कड सरळ होईल.

आई : नको. तिच्या हातचं आहे. मी याच्याच पुढे विणते.

सासू : मग कडेच्या एकेका घरात दोन दोन खांब घाला. हळूहळू रुंदी येईल परत. पण इथे आत गेलेलं दिसणारच.

आई : दिसू दे. हॉर्न वाजला ना? टेम्पो आला वाटतं.

सासू : सुई राहू द्या तुमच्याकडे.

आई : येते मी.

सासू : तिला एक सांगाल?

आई : सांगते ना. काय सांगू?

सासू : थांबा, आधी पांघरुणाची घडी घालून देते.

आई : अहो, सांगा की.

सासू : लोकर आहे, गरम पाण्यात घालू नको म्हणावं. पिळायची नाही. सावलीत पसरून वाळवायची.