वीस देखण्या पेशी

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे माजी विभागप्रमुख. व्यासपीठावरचे संचालक महोदय. रुग्णालयातले सहकारी, ताईंच्या घरची मंडळी आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत त्या आमच्या ताई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

ताई आज आमच्या गुणसूत्र प्रयोगशाळेतून चौतीस वर्षांनी निवृत्त होत आहेत. त्यांचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं म्हणजे पंचाईतच. त्यांच्या जाऊबाई इथे आहेत, त्या परवापर्यंत विचारत होत्या, "म्हणजे तू काचाच धुतेस ना गं?" जाऊबाई, रागावू नका, पण नाही. रुग्णाच्या हाडातल्या मगजातून आलेल्या पेशी ताई उबेला ठेवून वाढवतात. त्या दुभंगायच्या बेतात आल्या की औषध घालून तिथेच थांबवतात. मग पातळ मिठाच्या पाण्यात फुगवून, पक्क्या करून, गार काचेवर वरून एकेक थेंब सोडतात. पेशी फुटते, आतली शेहेचाळीस गुणसूत्रं पसरतात. हात जरा घाईला आला की सगळा लगदा! ताईंचा हात घाईला आलेला मी बावीस वर्षांत पाहिला नाही.

आता जे सांगणार आहे, ते कार्यक्रमपत्रिकेत नाही. अध्यक्षांनी थोडं सांभाळून घ्यावं.

मला इथे रुजू होऊन चार महिने झाले होते. डिग्री नवी, ऐट त्याहून नवी. नऊ वर्षांच्या एका मुलीचा नमुना आला. रक्ताचा कर्करोग. गुणसूत्रं निर्दोष असतील तर साधं औषध, दोष असेल तर कडक, आणि तेही लगेच. वीस पेशी तपासायचा नियम. मी वीस निवडल्या, एकाहून एक सुरेख, गुणसूत्रं कशी सुटी सुटी पसरलेली. सगळं ठीक म्हणून सही ठोकली.

ताईंनी माझी नोंद पाहिली आणि म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही सगळ्या देखण्याच निवडल्यात की हो."

"मग काय, कुरूप निवडू?"

"आजारी पेशी अशी छान पसरत नाही. त्या आखडलेल्या, धुरकट दिसतात ना, त्या बघा एकदा."

मी काय म्हणाले असेन? "ताई, स्लाइड करायचं काम तुमचं, वाचायचं माझं." असं म्हणाले मी, तेव्हाच बारा वर्षं हे काम केलेल्या बाईला.

रिपोर्ट गेला, साधं औषध सुरू झालं. ताई मात्र चार दिवस जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्या धुरकट पेशींपाशी बसल्या. अकरा पेशी वाचता आल्या. नऊमध्ये एका गुणसूत्राचा तुकडा भलत्याच गुणसूत्राला चिकटलेला. त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि प्रकरण विभागप्रमुखांपर्यंत गेलं.

अध्यक्ष महाराज, आपण आम्हा दोघींना बोलावलंत. "चूक कुणाची? ते कळल्याशिवाय नवा रिपोर्ट जाणार नाही," असं म्हणालात. ताई माझ्याकडे बघत होत्या. मी फरशीकडे बघत होते. शेवटी त्याच म्हणाल्या, "स्लाइड माझ्या हातून बिघडली, साहेब. काय लिहायचं ते लिहा, पण नवा रिपोर्ट आधी पाठवा."

त्यांच्या नावावर हलगर्जीपणाचा शेरा बसला. बढती दोनदा डावलली गेली. त्या मुलीची आई शिवणकाम करायची. ती प्रयोगशाळेत येऊन सगळ्यांसमोर ताईंना म्हणाली, "माझ्या पोरीचे चार दिवस खाल्लेत तुम्ही!" ताईंनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "आता औषध बदललंय. तुम्ही वर जा, तिच्याजवळ बसा." मी दाराआड होते. दोन पावलांवर. लाज वाटली, पण पाऊल उचललं नाही.

बऱ्याच वर्षांनी धीर करून विचारलं, ताई, असं का केलंत? त्या म्हणाल्या, "उपकार-बिपकार काही नाही हो. तुम्ही तोंड उघडेपर्यंत थांबले असते तर त्या पोरीचा आणखी एक दिवस गेला असता." मग हात पुसता पुसता म्हणाल्या, "नंतर तरी बोलाल, असं वाटलं होतं."

त्यानंतरही मी बोलले नाही. मंडळी, माणूस इतका भित्रा असू शकतो.

आज सकाळी मी संचालकांना लेखी दिलं आहे. ताईंचा शेरा खोडावा, तो माझ्या नावावर चढवावा आणि त्यांची बढती पहिल्यांदा डावलली त्या तारखेपासून धरावी. मला जी शिक्षा व्हायची ती होवो.

ती मुलगी बरी झाली. आज ती आणि तिची आई तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, मीच बोलावलं. बाई, त्या दिवशी ज्यांना तुम्ही बोललात, त्यांच्यामुळे तुमच्या लेकीला योग्य औषध मिळालं. जे बोलायचं ते मला बोला. कार्यक्रम संपल्यावर मी दाराआड जाणार नाही.

संयोजकांनी मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेने पोटात घालावं. त्या सहीची क्षमा मात्र सभेकडे मागत नाही, ती द्यायचा अधिकार एकट्या ताईंचा, आणि त्यांनी नाही दिली तरी माझी तक्रार नाही.

ताई, चूक माझी होती.