संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

हॅलो? … हॅलो, शोभा? … ऐकू येते काय? … अवं मी, मधुसूदन! … आवाज घुमते, कारण जिन्यात आहे मी. … रोजच्या जिन्यात नाही वं, मागच्या. संकटकाळच्या.

तू कुठी आहेस? … बर्डीच्या बाजारात? … अजून चादरीच पाहून राहिली? … घे, निळी घे. ऐक नं आधी. मागच्या दाराची किल्ली कुठी आहे? … अवं, खालच्या दाराची. ज्याले मी कुलूप लावलं … हो, हो, मीच लावलं. इथं सगळे तेच बोलून राहिले, तू तरी नको बोलू.

सगळे म्हणजे सगळे! आज ड्रिल नाही काय? … आग लागली असं समजाचं अन् मागच्या जिन्यानं खाली उतराचं. फायरवाले साहेब बाहेर उभे आहेत. अन् आम्ही आत. अख्खी बिल्डिंग. सगळ्यायच्या पुढं मी, हातात भोंगा घेऊन … हसू नको. "घाबरू नका, मायामागं या!" म्हणून ओरडत होतो. आले बिचारे मायामागं. कुलपापर्यंत.

… वर कसे जाऊ? मजल्यावरच्या दारायले जिन्याकडून मूठच नाही. मागं आपोआप बंद झाले नं ते. … कोणी काढली म्हणजे? चोर वर चढतीन म्हणून सेक्रेटरीनं काढाले लावली. … हो, सेक्रेटरी मीच. … रोज आतून उघडाले घरचं कोणी असते, आज घरात कोणी राहिलंच नाही. "एकही माणूस घरात दिसला नाही पाहिजे," हेही माया तोंडातूनच निघालं होतं. भोंग्यावरून. … पुढून साहेब कसे येतीन, पुढच्या दाराचं कुलूप मीच लावलं अन् किल्ली माया खिशात!

… आत्या? … आत्या पण इथंच आहे. … अवं, तिले एकटी वर कशी ठेवू? मीच म्हटलं, आत्या, मायावर भरवसा ठेव. पाचव्या मजल्यावरून बसत-उठत उतरली बिचारी, गुडघे धरून. आता दाराले टेकून बसली आहे. लुगडं घामानं ओलं. मे महिन्यातली दुपार, ना खिडकी, ना पाणी, अन् त्यात तो दिवा …

अवं, टाइल्सपुढचा दिवा! … खर्रा खाऊन कोपऱ्यात थुंकत होते, म्हणून नाही काय देवाच्या टाइल्स बसवल्या? … बसवल्या मीच, हो! मले काय मालूम, लोकं कुंकू लावतीन, मंग दिवा लावतीन, मंग घंटा टांगतीन, मंग घंटा चोरीले जाईन, मंग दुसरी घंटा, मंग कडीले आतून कुलूप … इतिहास मले नको सांगू शोभा, किल्ली सांग!

… देवापाशी? … देवापाशी ठेवली? … झालं. मेलो. देवघर पाचव्या मजल्यावर, अन् वरच्या दाराले मूठ नाही. … 

थांब, साहेब बाहेरून ओरडून राहिले. … काय साहेब? … नको, नको साहेब, कुऱ्हाड नका चालवू! दाराले टेकूनच म्हातारी बसली आहे! … थांबा, तिले सरकवतो. … ए, मागं सरका गा! प्रेमानंदभाऊ, दोन पायऱ्या वर चढा नं! … आत्या, ऊठ बरं. … आत्या? … ए आत्या, इकडं पाह माया तोंडाकडं. … शोभा, आत्या बोलून नाही राहिली वं. डोळे मिटले तिनं. … अवं, हात थंडगार पडला! … मी काय करू? …

कोणत्या देवापाशी म्हणजे? आपल्या देवा… काय? … जिन्यातल्या? … जिन्यातल्या देवापाशी? … गणपतीच्या टाइलखाली? … थांब. … नारळ आहे, फुलं आहेत, काडीपेटी … आहे! आहे वं! माया नाकापुढं! … नाही, रडून नाही राहिलो, धूर गेला डोळ्यात. … हो, रडून राहिलो. खरी आग असती नं शोभा, तर आत्याले मीच मारलं असतं. दुसरं कोणी नाही. मीच.

… उघडलं. उघडलं बाप्पा. … साहेब, पाणी, पाणी द्या तिले! … आत्या … शोभा, थांब, फोन ठेवू नको … पिऊन राहिली. … डोळे उघडले. … काय म्हणते? … मले गधा म्हणते. … हो वं, साफ ऐकू आलं. आता ठीक आहे ती.

अरे! … ए, ए! हे सगळे परत आत काहून घुसून राहिले? … बाहेर निघा गा! आग लागली आहे असं समजा! … काय? … पाय? … 

शोभा, चपला. … कोणाच्याच पायात नाहीत. … वर काढून आले सगळे, आपापल्या मजल्यावर, दारात. … देवाच्या जिन्यात चपला कशा घालतीन? … मीही अनवाणीच आहे. सवय झाली. … अन् बाहेर सिमेंटचं आंगण तव्यासारखं तापलं आहे. एकेक जण बाहेर उडी मारते अन् नाचत नाचत आत येते. साहेबानं डोक्याले हात लावला. म्हणते, आगीतून पळणारे लई पाहिले, आगीत परत जाणारे आजच पाहिले.

… नाही, पास कशाचे करतीन! मूठ लावा म्हणे, कुलूप काढा, दिवा विझवा. … दिवा मीच विझवला. … कुलूप? ते आत्यानं मागून घेतलं अन् नालीत फेकलं. … नाही, दुसरं नाही आणाचं. घंटा जाते तर जाऊ दे.

चल, ठेवतो. आत्याले पाठीवर घेऊन कडुलिंबाखाली नेतो. … हो, तसाच, अनवाणी. … पोळतीन तर पोळू दे नं! आज माये पाय पोळलेच पाहिजे. … तू येताना चपला आण. … सगळ्यायच्या कशाले वं, आत्याच्या आण. …

चल आत्या, बस पाठीवर. … नाही, आता "भरवसा ठेव" नाही म्हणत. नुसतं घट्ट धर.