रिबेकाचा मोबाइलचा उपास

उपास करावा तर माझ्या रूममेटनं! आम्ही दोघी चर्चच्या पोरी, कॉलेज एक, मुकुंदवाडीतली रूम एक. ईस्टरच्या आधी उपवासकाळ आला तशी रिबेकानं रील्स सोडली, मोबाइलमधून इन्स्टाच उडवलं. अन् रोज जेवण झालं की माझा मोबाइल घेऊन पालथी! चार्जिंग माझी संपायची, पुण्य तिचं वाढायचं.

म्हटलं, "अगं, हा कसला उपास?"

"मी माझा मोबाइल सोडलाय. तुझा थोडाच सोडलाय?"

रविवारी बाईसाहेब चर्चमध्ये साक्ष द्यायला उभ्या. "प्रभूनं मला मोहावर लई मोठा विजय दिला!" सगळे म्हणाले, "आमेन!"

डोळे पुसत माझ्याशेजारी येऊन बसली अन् हळूच म्हणते, "त्या सासू-सुनेच्या रीलचा पुढचा भाग आला असंल. मोबाइल दे की!"

म्हटलं, "आता प्रभूकडंच माग."