घळीतला व्हॉल्व्ह

सासरे: खुर्ची झकास आहे हो तुमची.

जावई: त्या बटणाला हात लावू नका.

सासरे: माझे बारा ट्रक पडून आहेत. चाकांत हवा नाही, बोनेटमध्ये उंदीर.

जावई: तुमच्या बाजूनं बोलायला तुमची लेक येणार नाही. मीच विचारलं तिला.

सासरे: आणि हा भिंतीमागचा आवाज? कधी थांबतच नाही?

जावई: नाही थांबत, मामा. म्हणून पुन्हा सांगतो, पंप तासभरसुद्धा बंद होणार नाही.

सासरे: तासाभरानं काय आभाळ कोसळतंय?

जावई: पाइपात नुसतं पाणी नाही. खाणीतलं दळलेलं खनिज आहे पाण्यात, थेट बंदरापर्यंत. वाहतंय तोवर ठीक. थांबलं की तळाशी बसतं, मग पाइप कापून काढावा लागतो. ठाऊक आहे तुम्हाला. म्हणून तर आलात.

सासरे: तेवढे महिने माल ट्रकनं जाईल. एवढंच मागतोय, जावईबापू. मुलगी दिली तुम्हाला.

जावई: बदल्यात पंप देईन असं ठरलं नव्हतं.

सासरे: जीभ भारी चालते पगारी माणसाची!

जावई: गप्प बसा जरा. दाबाचा काटा वर चाललाय.

सासरे: चालू दे.

जावई: पुढे कुणीतरी लाइन आवळतंय. मामा, घळीतल्या व्हॉल्व्हवर कोण आहे?

सासरे: मोठं चाक आहे म्हणे. फिरवायला वेळ लागतो.

जावई: कोण आहे?

सासरे: तुमचा मेहुणा.

जावई: फोन लावा त्याला!

सासरे: घळीत रेंज कुठली.

जावई: अहो, सगळ्यात जास्त दाब तिथेच येतो! पाइप फुटला तर तो जागच्या जागी जाईल. तुमचा मुलगा आहे तो!

सासरे: फुटेल असं कुठे... चोंदेल एवढंच मला... बंद करा. अहो, बंद करा ना!

[भिंतीमागचा आवाज थांबतो.]

जावई: उतरला काटा. वाचला तो. पाइप गेला. काढा आता तुमचे ट्रक.

सासरे: पोरगा नाही नाही म्हणत होता. दोन दिवस धड जेवला नाही. मी हात उगारला तेव्हा गेला. काय खुपत होतं, बोलला नाही.

जावई: तुम्हाला सांगू नका म्हणाला होता.

सासरे: काय?

जावई: याच पाइपवर त्याची नोकरी सोमवारी पक्की झाली.