काळी काच

यज्ञेश सर : काच कुठंय, शेषेराव?

शेषेराव : कसली काच?

यज्ञेश सर : खिडक्यांची! परदेशी राष्ट्राध्यक्षांची साठ सालची गाडी हुबेहूब करा म्हणालो होतो.

शेषेराव : हुबेहूबच हाय की. दोन अँबेसेडर कापून एक केली. चाकूरच्या चौकात वळंना, रसवंतीवाल्याचा मांडव काढावा लागला.

यज्ञेश सर : आणि ह्या बाजूला दारं का नाहीत?

शेषेराव : फोटो एकाच बाजूचा दिला तुम्ही.

यज्ञेश सर : अहो, दुसरी बाजूही तशीच असते!

शेषेराव : मला काय मालूम? मोठ्या लोकांचं एका बाजूनं एक, दुसऱ्या बाजूनं एक असतंय.

यज्ञेश सर : दारं राहू द्या. चार वाजता लातुरात मिरवणूक. बोर्डात पहिली आलेली आमच्या क्लासची दीपमाला ह्यात बसणार. काळ्या काचा बसवा, आत्ताच्या आत्ता.

शेषेराव : काळ्या? मंग पोरगी दिसंल कशी?

यज्ञेश सर : दिसायची गरज नाही. प्रोटोकॉल असतो.

शेषेराव : सर, पोरगी हाय ना?

यज्ञेश सर : आहे की. लातुरातच आहे.

शेषेराव : लातुरात कुठं?

यज्ञेश सर : समोरच्या क्लासच्या बग्गीत. सकाळी इस्लापूरला तिच्या घरी जीप पाठवून बापासकट उचलली हो त्यांनी!

शेषेराव : पण शिकली कुणाकडं?

यज्ञेश सर : आमच्याकडेच! म्हणजे, सराव परीक्षेचे दोन पेपर आमच्याकडे दिले.

शेषेराव : अन् ह्या गाडीत कोण?

यज्ञेश सर : कोणी नाही. बँड वाजला, काच काळी असली, की लोक समजतात आत आहे.

शेषेराव : न्हाई बसवत.

यज्ञेश सर : अर्ध्या तासाचं काम आहे!

शेषेराव : काम येतंय मला. भूकंपानंतर आमच्या गावात आलती अशीच एक लांब गाडी, काळ्या काचांची. तीन तास रस्त्याच्या कडंला उभे आम्ही. मायच्या हातात हार. गाडी आली, तशीच गेली.

यज्ञेश सर : मग? एवढा मोठा माणूस येऊन तर गेला.

शेषेराव : त्यावरच घरात अजून भांडण हाय. बाप म्हणतो गाडी खालीच होती. माय म्हणती, न्हाई, होतं कुणीतरी.

(सर हातातल्या हाराकडे बघतात.)

यज्ञेश सर : म्हणजे मी रिकामी गाडी फिरवू? उघड्या खिडक्यांची?

शेषेराव : तुम्ही बसा, सर. दार त्या बाजूनं हाय.