ग्रुपवरचा पैलवान

ड्रेस्डेनच्या ट्राममध्ये मराठी ऐकू आलं की ऊर्मिलाचे कान टवकारत. आज मागच्या सीटवर नवराबायको होते, आणि इथं आपलं कुणाला कळतंय, या भरवशावर मोठ्यानं बोलत होते.

“राजस, काल शोमध्ये छतावरून दोरीनं रिंगमध्ये उतरताना पडला ना, तो रेसलर गेला. बातमी आलीय.”

“गेला? अगं, अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता!”

“आपणही वाजवल्या.”

“अगं, पण ते सगळं ठरवलेलं असतं ना!”

“तू व्हिडिओ फॅमिली ग्रुपवर टाकलास.”

“आत्ता डिलीट करतो.”

“काय उपयोग? सांगलीत आईंनी शेजारीपाजारी दाखवूनसुद्धा झाला.”

“काय म्हणाली आई?”

“फार लागलं का गं त्याला, विचारत होत्या. मी लिहिलं, काळजी करू नका, खोटं असतं ते.”

“मग झालं तर.”

“आत्ता परत मेसेज आलाय.”

“काय?”

“म्हणतायत, मग तो उठतो तो व्हिडिओ पाठव.”

ट्राम थांबली. ऊर्मिलाला इथेच उतरायचं होतं. ती बसून राहिली.

“काय लिहू?”

“लिही, राजसची बॅटरी संपली.”